चार कलमांचा कायदा: प्लेगच्या पुण्यापासून कोविड वॉर्डापर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून ठेवतोय. बोलताना अडखळलेलं आणि मध्येच आलेला कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकलाय, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय आहे साथरोग कायदा, १८९७. नाव ऐकून झोप येईल, माहितीये. पण हा कायदा तुमच्या हातावर शिक्का मारून गेलाय. मार्च २०२० मध्ये परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर 'होम क्वारंटाईन' असा शाईचा शिक्का मारायचे, आठवतंय? बिल्डिंग सील व्हायची, बांबू बांधले जायचे. महाराष्ट्र सरकारने १३ मार्च २०२० ला हाच कायदा लागू केला होता. तो मूळचा मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी केलेला. म्हणजे आपल्याच गावच्या आजारावर बनलेला कायदा १२३ वर्षांनी पुन्हा आपल्याच दारात आला.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. कायद्याचा अभ्यास वगैरे काही नाही. पण एखादी जुनी सिस्टीम अजून चालू का आहे हे शोधायची खोड आहे. म्हणून मी मूळ कायदा डाउनलोड केला. तर अख्खा कायदा मोबाईलच्या स्क्रीनवर तीन-चार स्वाइपमध्ये संपला. मूळ कलमं फक्त चार. पहिलं, नाव आणि व्याप्ती. दुसरं, धोकादायक साथ आली आणि नेहमीचे कायदे पुरेनासे झाले तर सरकारला वाटतील ते उपाय करता येतील. तिसरं, जो ऐकणार नाही त्याला भारतीय दंडविधानाच्या १८८ कलमाखाली शिक्षा. चौथं, या कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्यावर कुणालाही दावा लावता येणार नाही.

बस्स. 'धोकादायक साथ' म्हणजे काय, याची व्याख्याच नाही. रुग्णाला काय मिळेल, हेही नाही. त्याला उचलून नेलं तर घरच्यांना भेटता येईल का? तक्रार कुठे करायची? त्याची शुश्रूषा करणाऱ्या नर्सला काही झालं तर तिच्या घरच्यांचं काय? यातलं काहीच त्यात नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एका युजरला सगळ्या परवानग्या दिल्या आणि लॉग ठेवणं बंद केलं.

आता हा कायदा इतक्या घाईत का झाला ते बघू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ विएगस या डॉक्टरांना गाठी आलेले, तापाने फणफणलेले रुग्ण सापडले आणि हा गाठीचा प्लेग आहे असं त्यांनी निदान केलं. विएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. धोबीतलावला मेट्रो सिनेमाच्या समोर त्यांचा पुतळा आहे. आपण त्याच्याजवळून शेकडो वेळा जातो आणि वर बघत नाही.

मुंबई हे तेव्हा जगाच्या व्यापाराचं बंदर. प्लेगची बातमी फुटली तशी युरोपातल्या देशांनी भारतीय मालावर आणि जहाजांवर बंदी घालायची भाषा सुरू केली. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती. तिथे ब्रिटिश सरकारला दाखवायचं होतं की आम्ही कडक पावलं उचलतोय. त्यामुळे ४ फेब्रुवारी १८९७ ला कलकत्त्यात हा कायदा मंजूर झाला. व्यापार वाचवणं हे त्यामागचं मोठं कारण होतं, हे डोक्यात ठेवलं की त्यात रुग्ण का दिसत नाही ते कळतं.

बरं, या कायद्याआधी चार महिने मुंबईत याची एक छोटी रंगीत तालीम झाली होती. मला ती गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो.

ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला, की प्लेगच्या रुग्णाला गरज पडल्यास जबरदस्तीने हॉस्पिटलात न्यायचं. हॉस्पिटल म्हणजे आर्थर रोडचं. आज ज्याला आपण कस्तुरबा हॉस्पिटल म्हणतो, तेच. तेव्हाच्या गरिबाच्या मनात हॉस्पिटल म्हणजे मरायची जागा. आत गेलेला माणूस बहुतेक वेळा जिवंत परत यायचा नाही, कारण प्लेगवर औषधच नव्हतं. मग अफवा उठल्या. डॉक्टर माणसांना टांगून त्यांची मोमियाई काढतात म्हणे. काळीज काढून राणीकडे पाठवतात म्हणे. आज आपल्याला हसू येईल, पण २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर 'किडनी काढून घेतात'चे मेसेज फिरत होतेच की.

२९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार त्या हॉस्पिटलवर चालून गेले. डॉक्टर आणि नर्सवर जमाव चालून येण्याची आपल्याकडची ही फार जुनी नोंद. आणि लक्षात घ्या, जमाव काही गुंड नव्हता. आपल्या माणसाला तिथून बाहेर काढता येईल असा दुसरा कुठलाच रस्ता त्यांना ठाऊक नव्हता. कारण तो नव्हताच.

मग हुकूम सौम्य करण्यात आला. का? हल्ल्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. शहराचं मैलासफाईचं सगळं काम करणारे हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून पळण्याच्या तयारीत होते. ते गेले तर मुंबई राहण्यालायकच उरणार नाही, असा प्रशासनाचा हिशेब होता. म्हणजे त्या काळी ज्या कामगारांना कुणी माणसात धरत नव्हतं, त्यांच्या नुसत्या जाण्याच्या शक्यतेने अख्खं धोरण वाकलं. त्यांच्यासाठी कुणी सुरक्षेचा नियम केला नाही हो. फक्त ते पळू नयेत एवढीच काळजी.

आता पुण्याला येऊ. इथली गोष्ट बहुतेकांना शाळेपासून माहीत आहे, आणि १९७९ चा '२२ जून १८९७' हा सिनेमाही काहींनी बघितला असेल. पण आपल्याला ती चापेकर बंधूंच्या बाजूने माहीत आहे. आज ती रुग्णाच्या बाजूने बघू.

वॉल्टर चार्ल्स रँड हा सनदी अधिकारी पुण्याच्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष झाला. १३ मार्च १८९७ पासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घराघरांत शिरू लागल्या. देवघर, माजघर, स्वयंपाकघर, काही सोडलं नाही. काखेत आणि जांघेत गाठ आहे का हे तपासायचं, तेही कधीकधी रस्त्यावर उभं करून. बायकांनासुद्धा. रुग्ण सापडला की त्याला हॉस्पिटलात, घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात, आणि सामान जाळायला.

याच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याने पुण्याबाहेर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता आणि सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तिथे आणत होत्या. एका आजारी मुलाला पाठीवरून आणताना त्यांना लागण झाली. वय ६६. आज आपण त्यांना पहिल्या शिक्षिका म्हणतो, बरोबरच आहे. पण आरोग्यसेवेत काम करताना, कामामुळेच लागण होऊन गेलेली बाई म्हणूनही त्यांचं नाव घ्यायला हवं, असं मला वाटतं. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात, एकाच शहरात. एकीकडे रुग्णाला पाठीवर घेणारी बाई, दुसरीकडे बंदूकधारी तपासणी. कायद्याचं बळ दुसऱ्या बाजूला होतं.

लोकांनी तक्रारी केल्या नाहीत असं नाही. पुण्याचे सरदार बाळासाहेब नातू यांनी सोजिरांच्या वागणुकीबद्दल तक्रारी केल्या. त्याचं पुढे काय झालं? २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली, लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. आणि त्यानंतर नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटला न चालवता अटकेत टाकलं. तक्रार करणाराच आत.

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं की सैनिकांनी बायकांवर अत्याचार केलेत. पार्लमेंटात आरडाओरड झाली. गोखले परत आले तेव्हा पुरावा द्यायला कुणीही पुढे येईना. नातूंचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलेलं. शेवटी गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्यासाठी त्यांना पुढे बरीच वर्षं टोमणे ऐकावे लागले. माझं मत विचाराल तर इथे दोष गोखल्यांचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त. जिथे तक्रार नोंदवायला सुरक्षित जागा नाही तिथे पुरावा कुठून येणार? चौथं कलम आठवा. दावाच लावता येत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. टिळकांसारखे लोक विलगीकरणाच्या सरसकट विरोधात नव्हते. वर्गणी काढून वेगळं हिंदू प्लेग हॉस्पिटल चालवण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांवर ते टीकाही करत होते. मागणी साधी होती. उपाय करा, पण आमच्या माणसांना सोबत घेऊन करा.

आणि यातली सगळ्यात खिन्न करणारी गोष्ट. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं की गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. म्हणजे माणसांच्या काखा तपासत सगळं शहर उलटंपालटं केलं, तेव्हा खरा वाहक छपरातून आणि धान्याच्या कोठीतून फिरत होता. त्यांना हे ठाऊक नव्हतं, त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. पण ठाऊक नसताना इतकी सक्ती कशाच्या जोरावर केली, हा प्रश्न उरतोच.

मार्च १८९८ मध्ये मुंबईत मदनपुऱ्यात पुन्हा दंगल झाली. विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला न्यायला पथक आलं, घरच्यांनी नकार दिला, आणि त्यातून भडका उडून गोळीबारापर्यंत गेलं. त्यानंतर सरकारने हळूहळू सक्ती कमी केली. जाती-जमातींना आपापली हॉस्पिटलं काढू दिली. वैद्य-हकिमांना आत येऊ दिलं. नातेवाइकांना रुग्णाजवळ थांबू दिलं. लोक जास्त संख्येने येऊ लागले. म्हणजे रुग्णाचे हक्क म्हणून आज जे आपण मागतो, त्यातलं थोडंसं तेव्हा दंगलींनंतर पदरात पडलं. पण ते नियमांत आलं, सवलत म्हणून. कायद्याची चार कलमं तशीच राहिली.

लसीचंही तेच. वाल्डेमार हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी घेतली. ते कैदी स्वेच्छेने पुढे आले असं नोंदींत म्हटलंय. तुरुंगातल्या माणसाची स्वेच्छा कितपत खरी, यावर एक अख्खा भाग होईल.

१९४७ आलं, गेलं. कायदा राहिला. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा पुण्यात तोच बाहेर काढला. मी तेव्हा शाळेत होतो. तोंडाला रुमाल बांधून फिरायची तेव्हा पुण्यात फॅशन झाली होती.

आणि मग २०२०. इथे मात्र या कायद्यात १२३ वर्षांत पहिल्यांदा डॉक्टर, नर्स, आरोग्य कर्मचारी यांचा माणूस म्हणून उल्लेख आला. लोक अँब्युलन्सवर दगड मारत होते, घरमालक नर्सेसना खोल्या रिकाम्या करायला सांगत होते. २२ एप्रिल २०२० ला केंद्राने अध्यादेश काढला आणि सप्टेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हिंसा केली तर ३ महिने ते ५ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. गंभीर दुखापत केली तर ६ महिने ते ७ वर्षं, दंड १ लाख ते ५ लाख. गुन्हा अजामीनपात्र. तपास ३० दिवसांत. मालमत्तेची नासधूस केली तर बाजारभावाच्या दुप्पट भरपाई. आणि 'हिंसा' या शब्दात फक्त मारहाण येत नाही. कर्मचाऱ्याच्या राहण्यावर किंवा कामावर परिणाम होईल आणि त्याला काम करता येणार नाही असा त्रास देणं, हेही त्यात येतं.

हे शेवटचं वाक्य मला पाठ आहे, त्याला कारण माझी मावसबहीण. ती स्टाफ नर्स आहे. मे २०२० मध्ये ती एका सरकारी कोविड वॉर्डात होती. सोसायटीच्या ग्रुपवर ठराव झाला, की ताईंनी लिफ्ट वापरू नये आणि शक्यतो ड्युटी संपेपर्यंत दुसरीकडे राहावं. 'शक्यतो' हा शब्द घातला होता, सभ्य लोक आहेत शेवटी. ती पीपीई किट काढून, आंघोळ करून, चार मजले चढून घरी यायची. मी तिला अध्यादेशाचं ते कलम पाठवलं. म्हटलं, ताई, तक्रार कर, अजामीनपात्र आहे. तिने वाचलं आणि म्हणाली, "अरे, पण मला याच बिल्डिंगमध्ये राहायचंय. उद्या आईला काही झालं तर गाडी कोण काढणार, पोलीस?" तिने तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी ग्रुपवर त्याच लोकांनी तिच्यासाठी टाळ्यांचे इमोजी टाकले.

दुरुस्तीबद्दल माझा आक्षेप वेगळा आहे. हल्ला करणारा बाहेरचा असेल तर कायदा बोलतो. पण तिला सलग किती तास ड्युटी लावायची? किट किती वेळाने बदलून मिळणार? घरी जायचं नसेल तर राहायची सोय कोण करणार? हे विचारलं तर कायदा गप्प. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात इतक्या नर्सेसना लागण झाली की रुग्णालयच सील करावं लागलं. तिथे कुणी दगड मारला नव्हता. सरकारने ५० लाखांचा विमा जाहीर केला, तो चांगलाच होता, पण विमा मेल्यावर.

आशाताईंचं उदाहरण घ्या. दुरुस्तीमध्ये समाजात जाऊन काम करणाऱ्या आरोग्य सेवकांनाही संरक्षण आहे, म्हणजे त्या त्यात आल्या. पण त्यांना 'कर्मचारी' मानायला सरकार तयार नाही, त्या 'स्वयंसेविका', मोबदला कामागणिक. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशाताई संपावर गेल्या तेव्हा कुठे मानधनात वाढ झाली. त्यांना मारलं तर सात वर्षं, आणि पगार मागितला तर संप करा.

रुग्णांसाठी काय बदललं? २०२० मध्ये महाराष्ट्राने याच जुन्या कायद्याचा, इतर काही कायद्यांसोबत, एक वेगळाच उपयोग केला. २१ मे च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. ज्या दुसऱ्या कलमाने रँडच्या पथकाला माजघरात घुसवलं, त्याच कलमाचा आधार घेऊन रुग्णाच्या खिशाचं रक्षण करायचा प्रयत्न झाला. सगळीकडे पाळले गेले असं नाही, पण लेखापरीक्षकांकडे तक्रार करून लोकांना पैसे परत मिळाल्याची उदाहरणं आहेत.

पुढे २०२१ मध्ये राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत रुग्णहक्क सनद आली. ती आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं. बिल थकलंय म्हणून मृतदेह अडवता येत नाही. पुढच्या वेळी कुणाला भेटायला गेलात तर रिसेप्शनजवळची भिंत बघा. बहुतेक ठिकाणी ती सनद एखाद्या कुंडीच्या मागे असते.

आणि साथ नसताना? केंद्राची ती दुरुस्ती फक्त साथीच्या काळापुरती. एरवी आपल्याकडे २०१० चा राज्याचा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. तो असतानाही २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात नातेवाइकांच्या मारहाणीत एका तरुण डॉक्टरच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातली घटना घडली. तिथे सलग ड्युटीनंतर विश्रांतीला धड खोली नसलेली ती डॉक्टर होती. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं. त्या दलाने नोव्हेंबरमध्ये सांगितलं की वेगळ्या केंद्रीय कायद्याची गरज नाही, आहेत ते पुरेत. निवासी डॉक्टर अजून तो मागताहेत.

साथरोग कायद्याचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने त्यावर २८६ वा अहवाल दिला आणि एकतर तो नीट दुरुस्त करा किंवा नवा आणा असं सुचवलं. हे रेकॉर्ड करेपर्यंत नवा आलेला नाही. म्हणजे उद्या साथ आली तर पुन्हा तीच चार कलमं उघडली जातील, त्यात कर्मचाऱ्यांसाठीचं नवं ठिगळ असेल, आणि चौथं कलम जागच्या जागी.

तुमच्या घरात कुणी नर्स, वॉर्डातल्या मावशी, मामा, लॅबवाले असतील तर त्यांच्या २०२० च्या ड्युटीबद्दल व्हॉइस नोट पाठवा, नाव न सांगता पाठवलं तरी चालेल. पुढच्या भागात हाफकिन, आणि ते भायखळ्याचे कैदी.